खाण, मैदान आणि स्मृती : रेसिंग क्लब द लाँस या फ्रेंच फुटबॉल क्लबचा इतिहास आणि तेथील सामनादर्शन

सारांश

उत्तर फ्रान्समधील लाँस हे सुमारे बत्तीस हजार लोकवस्तीचे शहर कोळशाच्या खाणींमुळे वाढले आणि त्या खाणी बंद पडल्यानंतर फुटबॉल क्लबमुळे ओळखले जाऊ लागले. १९०६ साली स्थापन झालेल्या 'रेसिंग क्लब द लाँस' या क्लबला सर्वत्र 'खाणकामगारांचा क्लब' असे संबोधले जाते. तथापि हा क्लब खाणकामगारांनी स्थापन केलेला नाही आणि त्याची मालकीही कधी त्यांच्याकडे नव्हती. असे असूनही ही ओळख कशी निर्माण झाली आणि खाणी नाहीशा झाल्यावर ती अधिक दृढ का झाली, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. त्या अनुषंगाने लाँस येथे सामना पाहण्यास जाणाऱ्या प्रेक्षकास काय दिसते आणि त्याचा अर्थ कसा लावता येईल, याचेही विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : फुटबॉल, खाणकामगार, स्थलांतर, औद्योगिक ऱ्हास, सामूहिक स्मृती.

प्रस्तावना

एखाद्या शहरातील क्रीडांगणाची आसनक्षमता त्या शहराच्या लोकसंख्येपेक्षा अधिक असावी, ही गोष्ट सहसा आढळत नाही. लाँस येथे ती आढळते. शहराची लोकसंख्या सुमारे ३२,००० आहे, तर तेथील बोलार-देलेलिस स्टेडियममध्ये सुमारे ३८,००० प्रेक्षक बसू शकतात. अलीकडच्या काळात तेथील बहुतेक सामने भरलेल्या मैदानावर झाले आहेत. याचा अर्थ असा, की सामन्याच्या दिवशी मैदानात येतो तो केवळ लाँस शहराचा नागरिक नव्हे. आजूबाजूच्या लिएव्हँ, साल्लोमीन, आव्हियाँ अशा एकमेकांना लागून असलेल्या गावांतील जुनी खाणवस्ती तेथे गोळा होते.

खेळाच्या इतिहासाकडे आपल्याकडे अनेकदा विजय-पराजयांची नोंद म्हणूनच पाहिले जाते. लाँसचा क्लब त्या दृष्टीने फार यशस्वी नाही. शंभराहून अधिक वर्षांच्या वाटचालीत त्याने फ्रान्सचे साखळी अजिंक्यपद केवळ एकदा, १९९८ मध्ये मिळविले आहे. तरीही फ्रान्समधील सर्वाधिक निष्ठावान प्रेक्षकवर्ग म्हणून लाँसच्या समर्थकांचा उल्लेख केला जातो. यशाने या निष्ठेचा उलगडा होत नाही. तो करण्यासाठी मैदानाखालच्या जमिनीचा, म्हणजेच कोळशाचा इतिहास पाहावा लागतो.

खाणपट्ट्याची पार्श्वभूमी

एमिल झोला यांच्या 'जर्मिनल' (१८८५) या कादंबरीमुळे उत्तर फ्रान्समधील कोळसा खाणींचे जग साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. लाँसच्या परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कोळशाचे उत्खनन सुरू झाले आणि 'लाँस खाण कंपनी'ची स्थापना १८५२ साली झाली. या कंपनीने केवळ खाणी खणल्या नाहीत. कामगारांसाठी घरे, शाळा, दवाखाने आणि चर्चही बांधले. विटांच्या बैठ्या घरांच्या लांबच लांब रांगांना तेथे 'कोरों' असे म्हणतात. घर कंपनीचे, शाळा कंपनीची आणि कामही कंपनीचे. त्यामुळे कामगाराच्या आयुष्याचा कोणताही भाग कंपनीच्या नजरेबाहेर राहत नसे.

या व्यवस्थेची किंमत मोठी होती. दिनांक १० मार्च १९०६ रोजी लाँसनजीकच्या कुरिएर येथील खाणीत झालेल्या स्फोटात १,०९९ कामगार मृत्युमुखी पडले. युरोपच्या इतिहासातील ही सर्वांत भीषण खाण दुर्घटना होय. बचावकार्य थांबविण्यात आल्यानंतर, दुर्घटनेच्या वीस दिवसांनी तेरा कामगार अंधारातून वाट काढीत जिवंत बाहेर आले. त्यामुळे कंपनीविषयीचा रोष अधिकच भडकला आणि संपूर्ण खाणपट्ट्यात संप पसरला. लाँसचा फुटबॉल क्लब याच वर्षी जन्मास आला. मात्र या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे.

क्लबची स्थापना आणि रंगांची कथा

हा क्लब स्थापन केला तो शहरातील विद्यार्थ्यांनी. त्या वेळच्या 'हिरव्या चौका'त ही मुले खेळत असत. क्लबचे पहिले रंग हिरवा आणि काळा असे होते. हिरवा रंग चौकावरून आणि काळा कोळशावरून घेतला, असे सांगितले जाते. त्या काळात फुटबॉल हा इंग्लंडहून आलेला आणि प्रामुख्याने शिकलेल्या मध्यमवर्गीय तरुणांचा खेळ होता. दिवसभर भूगर्भात राबणाऱ्या कामगाराला त्यासाठी वेळ आणि शक्ती उरत नसे.

पहिल्या महायुद्धात लाँस शहर ऑक्टोबर १९१४ पासून १९१८ च्या शरद ऋतूपर्यंत जर्मन सैन्याच्या ताब्यात होते. युद्ध संपले तेव्हा शहर जवळजवळ पूर्णपणे उद्ध्वस्त झालेले होते आणि खाणींत पाणी भरलेले होते. शहराबरोबर क्लबही नव्याने उभा राहिला. १९२४ च्या सुमारास क्लबने लाल आणि सोनेरी हे रंग स्वीकारले. याबाबतची आख्यायिका अशी, की क्लबचे तत्कालीन अध्यक्ष पिएर मोग्लिया हे सँ-लेजे चर्चच्या भग्नावशेषांजवळून जात असता, हे अवशेष म्हणजे येथील स्पॅनिश सत्तेची शेवटची खूण होय, असे कोणीतरी त्यांना म्हणाले आणि त्यांनी स्पेनच्या ध्वजाचे रंग निवडले. सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा प्रदेश स्पॅनिश राजवटीशी निगडित होता, हे ऐतिहासिक सत्य आहे. आख्यायिकेतील तपशील मात्र आख्यायिका म्हणूनच घ्यावा लागतो. तेव्हापासून संघास 'रक्त आणि सोने' हे नामाभिधान प्राप्त झाले. पुढे समर्थकांनी त्यास आपला अर्थ दिला. रक्त ते खाणीत सांडलेले आणि सोने म्हणजे 'काळे सोने', अर्थात कोळसा.

कंपनीचे मैदान

क्लब आणि खाण यांचा खरा संबंध १९३० च्या दशकात जुळला. खाण कंपनीचे व्यापार विभागाचे संचालक फेलिक्स बोलार यांनी कामगारांच्या खेळांना उत्तेजन देण्याचे धोरण स्वीकारले. या धोरणामागे कल्याणाची भावना होती, तसा हिशोबही होता. खेळात रमलेला तरुण दारूच्या गुत्त्यापासून आणि संघटनेच्या सभेपासून दूर राहील, अशी त्या काळच्या अनेक उद्योगपतींची धारणा होती. जागतिक मंदीमुळे काम गमावलेल्या खाणकामगारांना कंपनीने नवे स्टेडियम बांधण्याच्या कामाला लावले. दिनांक १८ जून १९३३ रोजी त्याचे उद्घाटन झाले. १९३६ मध्ये बोलार यांचे निधन झाल्यावर त्यांचे नाव स्टेडियमला देण्यात आले. दरम्यान १९३४ मध्ये कंपनीच्या पाठबळावर क्लब व्यावसायिक बनला.

याच काळाची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. पहिल्या महायुद्धातील मनुष्यहानी भरून काढण्यासाठी १९१९ च्या फ्रान्स-पोलंड करारान्वये हजारो पोलिश कामगारांना या खाणपट्ट्यात आणण्यात आले होते. जर्मनीतील रूर भागातील खाणींतूनही अनेक पोलिश कुटुंबे येथे आली. त्यांच्या स्वतंत्र शाळा, चर्च, वाद्यवृंद आणि क्रीडामंडळे होती. मंदी आल्यावर मात्र १९३४-३५ मध्ये हजारो पोलिश कुटुंबांना मायदेशी परत पाठविण्यात आले. ज्या वर्षांत बेकार कामगारांच्या हातांनी उभे राहिलेले मैदान गजबजू लागले, त्याच वर्षांत त्यांच्या सहकाऱ्यांची रवानगी आगगाडीने होत होती.

जे राहिले, त्यांच्या मुलांनी हे मैदान आपले केले. स्टेफान देंबिकी, ज्यांना 'स्तानिस' या नावाने ओळखले जात असे, ते पोलिश स्थलांतरितांचे पुत्र होते. १३ डिसेंबर १९४२ रोजी फ्रेंच चषक स्पर्धेत लाँसने एका दुबळ्या स्थानिक संघावर ३२-० असा विजय मिळविला. त्यांपैकी १६ गोल एकट्या स्तानिस यांचे होते. पुढे गोलरक्षक आर्नोल्ड सोवीन्स्की आणि १९५८ च्या विश्वचषकात फ्रान्सकडून खेळलेले मारियान विस्निएस्की हेही याच पोलिश खाणवस्तीतून आले.

या संदर्भात रेमाँ कोपा यांचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. लाँसनजीकच्या नो-ले-मीन या खाणगावी १९३१ मध्ये जन्मलेल्या कोपा यांचे मूळ आडनाव कोपाशेव्स्की असे होते. किशोरवयात ते खाणीत कामास लागले आणि तेथील अपघातात त्यांनी हाताच्या बोटाचा भाग गमावला. १९५८ मध्ये युरोपातील सर्वोत्कृष्ट खेळाडूस दिला जाणारा 'बॅलन डी'ओर' पुरस्कार त्यांना मिळाला. मात्र ते लाँसकडून कधी खेळले नाहीत. त्यांची कारकीर्द आँजे, रँस आणि रेआल माद्रिद या संघांत घडली. खाणपट्ट्याने दिलेला हा सर्वश्रेष्ठ खेळाडू खाणपट्ट्याच्या क्लबबाहेर मोठा झाला. फुटबॉल हा खाणीतून बाहेर पडण्याचा मार्ग होता आणि त्या मार्गावर क्लबपेक्षा सुटका अधिक महत्त्वाची होती, हे यावरून लक्षात येते.

कंपनीकडून शहराकडे

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस या भागातील खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि क्लबचा आश्रयदाताही बदलला. खाजगी कंपनीच्या जागी सरकारी खाण महामंडळ आले. १९४८ मध्ये लाँसचा संघ फ्रेंच चषकाच्या अंतिम सामन्यात लील संघाकडून २-३ असा पराभूत झाला. लील हे व्यापार आणि वस्त्रोद्योगाचे महानगर, तर लाँस हे खाणगाव. सुमारे पस्तीस किलोमीटर अंतरावरील या दोन शहरांतील सामन्यास आजही 'उत्तरेचा डर्बी' म्हणतात. १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षे लाँस साखळीत उपविजेता ठरला.

१९६० च्या दशकात फ्रान्सने कोळशाचे उत्पादन टप्प्याटप्प्याने कमी करण्याचे धोरण स्वीकारले. १९६८ मध्ये संघ द्वितीय विभागात घसरला. पाठोपाठ खाण महामंडळाने हात आखडता घेतला आणि १९६९ मध्ये क्लबला व्यावसायिक दर्जा सोडावा लागला. क्लब संपला असे वाटत असताना १९६६ पासून महापौर असलेले आंद्रे देलेलिस यांनी नगरपालिकेचे पाठबळ त्यामागे उभे केले. समर्थकांनीही हातभार लावला. पुढे स्टेडियम शहराच्या मालकीचे झाले. १९७३ मध्ये संघ प्रथम विभागात परतला आणि १९७५ मध्ये पुन्हा चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

त्या दोन घटनांच्या दरम्यान खाणपट्ट्यावर आणखी एक आघात झाला. दिनांक २७ डिसेंबर १९७४ रोजी लिएव्हँ येथील खाणीतील स्फोटात ४२ कामगार ठार झाले. नाताळची सुट्टी संपवून ते कामावर परतले होते. खाणी बंद करण्याची भाषा सुरू असतानाच हे मृत्यू घडले, ही त्यातील विशेष वेदनादायक बाब होय. जे अपघातातून वाचले त्यांपैकी अनेकांना फुप्फुसात कोळशाची व दगडाची धूळ साचून होणाऱ्या सिलिकोसिस या विकाराने ग्रासले. अखेर दिनांक २१ डिसेंबर १९९० रोजी वान्यी येथे या खाणपट्ट्यातील शेवटचा कोळसा वर काढण्यात आला. सुमारे पावणेतीनशे वर्षांचा उद्योग तेथे थांबला.

खाणीनंतरचा क्लब

क्लबच्या इतिहासातील सर्वांत मोठे यश खाणी बंद झाल्यानंतर आठ वर्षांनी आले. दानिएल लक्लेर्क हे प्रशिक्षक आणि जेर्व्हे मार्तेल हे अध्यक्ष असताना, ९ मे १९९८ रोजी ओसेर येथील १-१ अशा बरोबरीमुळे लाँस अजिंक्य ठरला. मेस संघाचे गुणही तितकेच, म्हणजे ६८ होते. निर्णय गोलफरकावर झाला. निर्णायक बरोबरीचा गोल योआन लाशोर या तरुण खेळाडूने केला. त्याच वर्षी २५ नोव्हेंबर रोजी वेम्बली मैदानावर लाँसने आर्सेनल संघाचा १-० असा पराभव केला. १९९९ मध्ये लीग चषकही मिळाला.

त्यानंतरचा आलेख उंच-सखल आहे. २००२ मध्ये उपविजेतेपद मिळविणारा संघ २००८, २०११ आणि २०१५ अशा तीन वेळा द्वितीय विभागात घसरला. २९ मार्च २००८ रोजी लीग चषकाच्या अंतिम सामन्यात पॅरिस सेंट जर्मेनच्या काही समर्थकांनी एक फलक झळकाविला. त्यावर उत्तरेकडील लोकांना बेकार आणि विकृत ठरविणारी अत्यंत हीन भाषा होती. या फलकाचा फ्रान्सभर निषेध झाला. परंतु अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची बाब अशी, की 'बेकार' हा शब्द तेथे शिवी म्हणून वापरला गेला. ज्या समाजाची सारी प्रतिष्ठा कष्टावर उभी होती, त्याचे काम काढून घेण्यात आले आणि पुढे काम नसणे हाच त्याचा अपराध ठरविला गेला. या अपमानाला उत्तर देण्याची जागा त्या समाजाकडे एकच उरली होती, ती म्हणजे मैदान.

मालकीचा प्रवासही थांबला नाही. २०१३ मध्ये अझरबैजानमधील उद्योजक हाफिज मामादोव्ह यांनी क्लब घेतला, परंतु लवकरच आर्थिक अडचणी उद्भवल्या. २०१४-१५ च्या हंगामात स्टेडियमचे नूतनीकरण चालू असल्याने संघास आपले बहुतेक घरचे सामने आमिएँ येथे खेळावे लागले. त्याच हंगामाच्या अखेरीस संघ घसरला. २०१६ पासून क्लबची सूत्रे गुंतवणूक क्षेत्रातील जोझेफ उगुर्लियाँ यांच्याकडे आहेत. २०२० मध्ये संघ प्रथम विभागात परतला आणि २०२२-२३ च्या हंगामात ८४ गुणांसह दुसरा आला. अजिंक्य ठरलेल्या पॅरिस सेंट जर्मेनला ८५ गुण मिळाले होते. २०२५ मध्ये शहराने स्टेडियम क्लबला विकण्याचा मार्ग मोकळा केला. कंपनीने बांधलेले, शहराने सांभाळलेले मैदान अशा रीतीने पुन्हा खाजगी मालकीच्या दिशेने निघाले आहे.

सामन्याचा दिवस : एक वाचन

लाँस येथे सामना पाहण्यास जाणारा प्रवासी बहुधा पॅरिसहून अथवा लीलहून आगगाडीने येतो. पॅरिसच्या 'गार द्यु नोर' स्थानकावरून वेगवान गाडीने हा प्रवास सव्वा तासाच्या आसपास होतो. लाँसचे रेल्वेस्थानक हेच पहिले दर्शनस्थळ होय. युद्धानंतरच्या पुनर्बांधणीत, १९२७ च्या सुमारास वास्तुविशारद युर्बँ कासाँ यांनी त्याला वाफेच्या इंजिनाचा आकार दिला. घड्याळाचा मनोरा हा त्याचा धुराडा. कोळसा वाहून नेणाऱ्या इंजिनाचेच स्मारक शहराच्या प्रवेशद्वारी उभे आहे.

स्थानकापासून स्टेडियमपर्यंतचे अंतर पायी चालण्याजोगे आहे आणि तसे चालण्यातच या भेटीचे मर्म आहे. लाल-सोनेरी गळपट्टे घातलेली कुटुंबे, आजोबांचे बोट धरलेली नातवंडे आणि बटाट्याच्या तळलेल्या काचऱ्या विकणाऱ्या गाड्यांभोवतीची गर्दी या वाटेवर दिसते. स्टेडियमजवळच्या एका रस्त्याला मार्क-व्हिव्हिएँ फोए यांचे नाव आहे. कॅमेरूनचा हा खेळाडू १९९८ च्या विजेत्या संघात होता. २६ जून २००३ रोजी लिआँ येथे आंतरराष्ट्रीय सामना खेळत असताना तो मैदानावर कोसळला आणि मृत्यू पावला. पोलिश नावांच्या परंपरेत एका आफ्रिकी नावाची भर पडल्याची ही खूण होय.

स्टेडियमची रचना इंग्रजी पद्धतीची आहे. चार स्वतंत्र प्रेक्षकसज्जे मैदानाला अगदी लागून उभे आहेत, मध्ये धावपट्टी नाही. युरोपातील बहुतेक मैदानांवर सर्वाधिक उत्साही समर्थक गोलच्या मागे उभे असतात. लाँस येथे मात्र ते 'मारेक' या बाजूच्या सज्जात, मध्यरेषेच्या समोर असतात. हा सज्जा आंतोन मारेक या ऑस्ट्रियन वंशाच्या माजी खेळाडू व प्रशिक्षकाच्या नावाने ओळखला जातो. प्रथमच येणाऱ्या प्रेक्षकाने तिकिटाची तजवीज बरीच आधी करावी, कारण हंगामी तिकीटधारकांची संख्या मोठी आहे. मारेकच्या समोरील सज्जात जागा मिळाल्यास सामन्याबरोबर समर्थकांचे दृश्यही नीट पाहता येते.

या दृश्याचा परमोच्च बिंदू उत्तरार्धाच्या प्रारंभी येतो. संघ मैदानात परततात आणि हजारो लोक गळपट्टे उंचावून 'ले कोरों' हे गीत गातात. पिएर बाशले यांनी गायिलेले हे गीत १९८२ सालचे असून त्यात खाणवस्तीतील बालपणाची आणि वडिलांची आठवण आहे. बाशले यांचा जन्म पॅरिसचा आणि बालपण कॅलेचे. ते खाणकामगार नव्हते. गीत आले तेव्हा खाणी शेवटच्या घटका मोजत होत्या. मैदानावर ते रुजले आणि २००५ मधील बाशले यांच्या निधनानंतर त्याला जणू प्रार्थनेचे रूप आले. आज ते गाणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी खाणीचा पाळणा कधी पाहिलेला नाही. जे आपण जगलो नाही, पण ज्यातून आपण आलो, त्याचे हे स्मरण आहे.

येथे प्रस्तुत लेखाचे मुख्य प्रतिपादन स्पष्ट होते. खाणी चालू होत्या तोवर क्लबला 'खाणकामगारांचा' म्हणण्याची निकड नव्हती, कारण खाणकामगार सर्वत्र होता. विहीर, वस्ती, संघटना, चर्च आणि वाद्यवृंद यांत त्याची ओळख विखुरलेली होती. एकेक करून या संस्था क्षीण झाल्या आणि ती सारी ओळख उरलेल्या एका संस्थेत, म्हणजे क्लबमध्ये, येऊन साठली. खाणकामगारांच्या आश्रयदात्री संत बार्ब यांचा ४ डिसेंबर हा दिवस पूर्वी खाणीत सुट्टीचा असे. अलीकडे क्लब त्या निमित्ताने विशेष जर्सी काढतो. परंपरा खाणीतून मैदानात आली आहे.

या चित्राच्या मर्यादा

असे असले तरी या स्मृतीचे केवळ गौरवीकरण करणे योग्य ठरणार नाही. पहिली गोष्ट, ही स्मृती विकलीही जाते. संत बार्बची जर्सी ही श्रद्धेची वस्तू आहे, तशीच ती दुकानातील वस्तूही आहे. दुसरी गोष्ट, मैदानावरील एकता नेहमीच सौम्य नसते. १८ सप्टेंबर २०२१ रोजी लील संघाविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतरात लाँसचे काही समर्थक मैदानात घुसले आणि त्यानंतर क्लबला काही सामने प्रेक्षकांविना खेळावे लागले. तिसरी आणि अधिक गंभीर गोष्ट अशी, की जो समाज मैदानावर पोलिश आजोबांची आठवण काढतो, त्याच परिसरात स्थलांतरितविरोधी राजकारणाने पाय रोवले आहेत. लाँसलगतच्या एनँ-बोमाँ या जुन्या खाणगावात २०१४ पासून अतिउजव्या पक्षाची सत्ता आहे. १९६० व १९७० च्या दशकांत मोरोक्कोहून हजारो कामगार याच खाणींत आणले गेले होते. त्यांच्या वाट्याला खाणीच्या इतिहासातील स्थान बरेच उशिरा आले. स्मृती जोडते, तशी ती निवडही करते.

परिसरातील अन्य स्थळे

सामन्याच्या आदल्या अथवा दुसऱ्या दिवशी पाहण्याजोगी काही स्थळे या विवेचनास पूरक आहेत. लोस-आँ-गोएल येथे खाणीतील टाकाऊ दगडमातीचे दोन प्रचंड डोंगर, ज्यांना तेथे 'तेरी' म्हणतात, दूरवरून दिसतात. २०१२ मध्ये युनेस्कोने या खाणपट्ट्यातील १०९ स्थळांचा जागतिक वारशात समावेश केला. त्यात विहिरींचे मनोरे आणि कोरों यांबरोबर हे कचऱ्याचे डोंगरही आहेत. त्याच वर्षी ४ डिसेंबर रोजी, म्हणजे संत बार्बच्या दिवशी, पॅरिसच्या प्रसिद्ध लुव्र संग्रहालयाच्या लाँस शाखेचे उद्घाटन झाले. जपानच्या 'साना' या वास्तुसंस्थेने रचलेली ही काचेची आणि ॲल्युमिनियमची इमारत एका जुन्या खाणीच्या जागेवर, स्टेडियमपासून जवळच उभी आहे.

भारतीय आणि विशेषतः मराठी प्रवाशाने आणखी एका स्थळास भेट द्यावी. लाँसच्या उत्तरेस सुमारे वीस-पंचवीस किलोमीटरवर नव्ह-शापेल येथे पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर मरण पावलेल्या आणि थडगे न लाभलेल्या ४,७०० हून अधिक भारतीय सैनिकांचे स्मारक आहे. हर्बर्ट बेकर यांनी रचलेल्या या स्मारकाचे अनावरण १९२७ मध्ये झाले. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी याच गावासाठी झालेल्या लढाईत पुण्यानजीकच्या खडकी येथून गेलेल्या 'सॅपर्स अँड मायनर्स'च्या दोन तुकड्यांची फार मोठी हानी झाली. ज्या युद्धाने लाँस जमीनदोस्त केले, त्याच युद्धाच्या त्याच आघाडीवर हे जवान पडले. खाणपट्ट्याच्या चिखलात परदेशी हातांनी केवळ कोळसाच उपसला असे नाही, याची जाणीव तेथे होते.

समारोप

रेसिंग क्लब द लाँसच्या इतिहासावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. एक, 'खाणकामगारांचा क्लब' ही ओळख स्थापनेतून आलेली नाही, ती वापरातून आलेली आहे. विद्यार्थ्यांनी सुरू केलेला, कंपनीने पोसलेला, नगरपालिकेने वाचविलेला आणि गुंतवणूकदाराने चालविलेला हा क्लब ज्यांचा म्हणून ओळखला जातो, त्यांच्याकडे त्याची मालकी कधीच नव्हती. दोन, कामगारांना शिस्त लावण्यासाठी उभारलेले मैदान कालांतराने त्यांच्याच स्वाभिमानाचे स्थान बनले. संस्था उभारणाऱ्याचा हेतू आणि वापरणाऱ्याचा अर्थ हे एकच असतील असे नाही. तीन, उद्योग नाहीसा झाला म्हणजे त्याने घडविलेला समाज नाहीसा होत नाही. तो एकत्र येण्यासाठी जागा शोधतो.

मात्र ही जागा किती काळ टिकेल, हा प्रश्न खुला आहे. गीत गाणाऱ्यांना खाण आठवत नाही आणि मैदानाचे मोल आता बाजारात ठरत आहे. तिकिटाचा दर खाणवस्तीतील नातवाच्या आवाक्याबाहेर गेला, तर गीत उरेल पण ते ज्यांचे आहे ते बाहेर राहतील. म्हणून लाँसला सामना पाहण्यास जाणाऱ्याने केवळ गोलफलकाकडे न पाहता मारेक सज्जाकडेही पाहावे. तेथे आजोबा आणि नातू शेजारी उभे असतील, तोवर खाणीचा इतिहास संग्रहालयात पूर्णपणे गेला, असे म्हणता येणार नाही.